बारा कुंड्यांची ड्यूटी

माझ्या मामाने नोकरीच्या बत्तीस वर्षांत जेवढ्या शिव्या खाल्ल्या, तेवढ्या क्वचितच एखाद्या सज्जन माणसाच्या वाट्याला आल्या असतील. एका मोठ्या हॉस्पिटलात नर्सेस, वॉर्डबॉय आणि सफाई कामगारांच्या ड्यूट्या लावणं हे त्याचं काम. कुणाला सकाळ, कुणाला दुपार, कुणाला रात्र, कुणाला रजा, हे सगळं तो एका मोठ्या कागदावर पेन्सिलीने मांडायचा. शनिवारी तो कागद जिन्याजवळच्या फळ्यावर लागला की तिथे नुसती कावकाव सुरू व्हायची. मामा आपला खाली मान घालून बसायचा. सगळं हॉस्पिटल त्याला ड्यूटीमामा म्हणायचं, आणि माझा तर तो खराच मामा, त्यामुळे मलाही दुसरं नाव सुचलं नाही.

"माणसाला काम द्यावं आणि कामाला सुट्टी द्यावी," असं तो म्हणायचा. "दोन्हींतलं एक जरी चुकलं तरी माणूस बिघडतो." लहानपणी मला हे फारच कंटाळवाणं वाटायचं. आता वाटत नाही.

मामी त्याच्या अगदी उलट. तो दिवसाला दहा वाक्यं बोलणार, ती मिनिटाला. घरीच शिवणकाम करायची. तोंड असं फटकळ की गिऱ्हाइकं मापाला आधी घाबरायची आणि मग हसायची. मला एकदा म्हणाली, "पोट आत घे असं मी म्हणत नाही बाई, कापड तेवढं जास्त आण." पण तिच्या हातचा ड्रेस अंगावर बसायचा तसा पुन्हा कुणाच्या हातचा बसला नाही.

आणि तिची ती झाडं. समोरचे बिऱ्हाडकरू घर सोडून गेले तेव्हा जिन्यात स्नेक प्लांटची एक कुंडी टाकून गेले होते. उंच, ताठ, जाडजूड पानं, मधे हिरवे पट्टे आणि दोन्ही कडांना पिवळी किनार. मामीने कुंडी उचलून आणली ती त्या किनारीसाठी. "बघ तरी, कुणीतरी मशीनवर घातल्यासारखी सरळ आहे," म्हणाली. दर वर्षी ती कुंडी पालथी करायची, गड्डे सुरीने वेगळे करायची, दोन दिवस वाळू द्यायची आणि नव्या कुंडीत लावायची. मी एकदा शहाणपणा करून एक पान कापून मातीत खोचलं. कोंब आला, पण नुसता हिरवा. मामी म्हणाली, "पानातून झाड येतं, किनार येत नाही. किनार हवी तर गड्डाच फोडावा लागतो. तुला विचारायला काय झालं होतं?" एका कुंडीच्या बघता बघता चौदा झाल्या. पाणी महिन्यातून एकदा, फार उकडत असेल तर दोनदा. बस्स.

मग मामी विसरायला लागली.

पहिल्यांदा कळलं ते शिवणात. एका पोरीच्या फ्रॉकला दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या लागल्या. मग एकदा सुई बोटात आरपार गेली आणि ती "हे काय आहे?" असं विचारत बोट धरून बसून राहिली. मशीन झाकून ठेवलं. पुढे गॅस दोनदा उघडा राहिला, म्हणून स्वयंपाकघर मामाने आपल्याकडे घेतलं. एकदा ती भाजी आणायला गेली आणि चार गल्ल्या पलीकडे एका अनोळखी दारात किल्ली खुपसत बसलेली सापडली, म्हणून बाहेर जाणं बंद झालं. एकेक काम आम्ही तिच्या हातून काढून घेत गेलो. तिच्याच भल्यासाठी. भल्यासाठी काढून घेतलं तरी ते काढून घेणंच असतं, हे मला फार उशिरा समजलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

शेवटी तिच्या हातात एकच काम उरलं: झाडांना पाणी घालणं. आणि झाडं कुठली, तर पाण्याने मरणारी!

सकाळी उठली की ती झारी भरायची आणि सगळ्या कुंड्या न्हाऊ घालायची. दहा मिनिटांनी पुन्हा. "अगं, आत्ताच घातलंस," मामा म्हणायचा. "कधी?" ती विचारायची, आणि तिचा चेहरा असा पडायचा की मामा लगेच म्हणायचा, "नाही नाही, मीच विसरलो. घाल." दिवसाला आठ-आठ वेळा. महिनाभरात पानं बुडाशी पिवळी पडली, मऊ झाली आणि एक दिवस एक आख्खं झाड हात लावताच आडवं झालं. गड्डा कुजून त्याला घाण वास सुटला होता. आठवड्यात दुसरं गेलं. मामी दोन्ही वेळा रडली. "मी रोज पाणी घालते तरी कशी गं मरतात?" हे तिने मला विचारलं. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. दिवसभर लोकांना कुठलं औषध किती घ्यायचं ते सांगते. तिला मात्र मी "मातीच खराब असेल गं" एवढंच सांगितलं.

पण गप्प बसेन तर मी कसली! पुढच्या रविवारी मी प्लॅस्टिकचे तीन स्नेक प्लांट घेऊन गेले. हुबेहूब. किनारीसकट. मला वाटलं, काय डोकं चालवलंय मी. मामी पुढच्या खोलीत आली, झारी खाली ठेवली, आणि एक पान अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं. कापड पारखताना चोळायची अगदी तसं.

"नायलॉन," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मला खेळायला आणलंस होय?"

त्या क्षणी तिला सगळं समजत होतं. मला तोंडात मारल्यासारखं झालं. मामाने तिन्ही कुंड्या उचलून दाराबाहेर ठेवल्या आणि मला म्हणाला, "जाताना घेऊन जा."

मी जिन्यात त्याच्याशी भांडले. म्हटलं, "मग झारी तरी लपव. नाहीतर सगळी मरतील आणि ती प्रत्येकाला रडेल."

"झारी लपवली तर ती दिवसभर करेल काय?"

"टीव्ही बघेल."

"टीव्ही बघणं हे काम नाही," मामा म्हणाला. "तिच्याकडे हे एकच काम राहिलंय. ते काढलं तर ती या घरातली पेशंट होते. आत्ता नाहीये." मग म्हणाला, "झाडं बारा आहेत. बघतो मी."

पुढच्या रविवारी गेले तर स्वयंपाकघराच्या दाराआड कागद चिकटवलेला. पेन्सिलीने आखलेला. डावीकडे एक ते बारा आकडे, वरती तारखा. खोडरबर दोरीला बांधून लटकवलेलं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी जित्याची खोड काही गेली नव्हती.

योजना साधी होती. एका वेळी तीनच कुंड्या ड्यूटीवर: एक पुढच्या खिडकीत, एक बेसिनशेजारी, एक मामीच्या खुर्चीजवळ. बाकीच्या नऊ मागच्या गॅलरीत, रजेवर. ड्यूटी चार दिवसांची, रजा बारा दिवसांची. चार दिवस मामीने हवं तेवढं पाणी ओतावं, नंतर झाडाने बारा दिवस सुकावं. त्यासाठी त्याने सगळी झाडं काढून नव्या मातीच्या कुंड्यांत लावली, कारण माती पाणी शोषते. बुडाला एकाऐवजी चार भोकं पाडली. मातीत निम्मी वाळू आणि विटेचा चुरा. खाली ताटल्या नाहीत, जुने टॉवेल. ते टॉवेल पिळून वाळत घालणं हे मामाचं रोजचं काम झालं.

"आणि ही?" एक कुंडी वर्तमानपत्रावर आडवी होती, झाड बाहेर, मुळं उघडी.

"ती अ‍ॅडमिट आहे," मामा गंभीरपणे म्हणाला. त्याने कुजलेला भाग सुरीने कापून टाकला होता. तीन दिवस वाळल्यावर तिला नवी माती मिळणार होती.

अदलाबदल तो दुपारी करायचा, मामी झोपली की. सत्तरीला टेकलेला माणूस दबक्या पावलांनी एकेक कुंडी छातीशी धरून गॅलरीत नेतोय, दुसरी आणतोय. मी दार धरायची. एकदा मामी मधेच उठून आली. खुर्चीजवळच्या कुंडीकडे टक लावून बघत म्हणाली, "अहो, ही कालची नाही."

मामा शांतपणे म्हणाला, "कालची रजेवर गेली. ही बदली आहे."

"किती दिवस?"

"बारा."

मामीला ते पटलं. बत्तीस वर्षं तिने हेच ऐकलं होतं. "मग हिला नीट सांभाळायला हवं, नवीन आहे," म्हणाली आणि झारी भरायला गेली.

दीड वर्ष हे चाललं. शेजारी म्हणायचे, बायको विसरली आणि नवऱ्याला वेड लागलं. मीही सुरुवातीला मनातून हसले होते. पण त्या दीड वर्षात एकच झाड गेलं, तेही मामाने लगेच भरून काढलं. एका मोठ्या झाडाचा गड्डा फोडून, अगदी मामी करायची तसा. आणि मामी सकाळी उठून कामाला लागत होती. तिला माझं नाव आठवायचं नाही, पण मी मधे उभी असले की म्हणायची, "बाजूला हो बाई, मला कामं आहेत." हे ऐकून मला किती बरं वाटायचं ते सांगता येत नाही. कुणी खेकसल्यावर बरं वाटावं असे दिवस येतात खरे.

मग माझी कंबर धरली आणि तीन आठवडे मला जाता आलं नाही.

गेले तेव्हा मामाने दार उघडलं. मी आधी मागच्या गॅलरीत डोकावले, सवयीने. बघते तर झाडं नुसती झकास! पानं ताठ, टणक, किनार लखलखीत. दोन कुंड्यांत नवे कोंब. एकीतून तर दांडा वर आला होता आणि त्यावर बारीक पांढरट फुलं, फुलांवर चिकट थेंब. मी आजवर त्या झाडाला फूल कधी पाहिलंच नव्हतं.

"मामा!" मी तिथूनच ओरडले. "कमाल केलीस तू. इतकी छान तर मामीच्या हाताखालीसुद्धा नव्हती."

मामा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. दाराआडचा कागद कोरा होता.

"पाणी कुणी घालत नाही ना," तो म्हणाला. "मग होणारच छान."

मला कळायला वेळ लागला. मी माणसांपेक्षा झाडांकडे आधी गेले होते.

मामी पुढच्या खोलीत तिच्या खुर्चीत बसली होती. नीट विंचरलेली, स्वच्छ, कुठेही न बघणारी. वीस दिवस झाले होते, मामाने सांगितलं. एका सकाळी उठली आणि झारीकडे गेलीच नाही. त्याने भरून हातात दिली तर धरून बसली. ओतायचं असतं हे तिला सुचेना. त्याने तिचा हात धरून ओतून दाखवलं, तर तिने हात सोडवून घेतला. हाका मारल्या तरी बघत नाही. "कुणाच्याच हाकेला नाही," तो म्हणाला, म्हणजे त्याच्यासुद्धा.

मी खाली बसून तिचे हात हातात घेतले. सुईने टोचून टोचून खरखरीत झालेली ती बोटं. मी रडले.

डोळे पुसले तेव्हा खुर्चीजवळची कुंडी दिसली. गॅलरीतल्या सगळ्या ठणठणीत आणि ही एकटी मरायला टेकलेली. माती चिखल झालेली, खालचा टॉवेल निथळतोय, पानं बुडाशी पिवळी. आणि मामा झारी घेऊन तिच्याकडेच येत होता.

"अरे मामा, काय करतोस? कुजेल ते."

"कुजू दे."

"अरे पण..."

"पाणी पडल्याचा आवाज आला की ती मान वळवते," मामा म्हणाला. "बघ."

त्याने झारी तिरकी केली. पाणी मातीत पडलं, त्या बारीक टपटप आवाजाने. मामीची मान हळूहळू वळली. आधी कुंडीकडे, मग झारीकडे, मग झारी धरलेल्या हातावरून वर मामाच्या तोंडाकडे. ती त्याच्याकडे बघत होती. ओळखत होती की नाही, मी सांगू शकत नाही. पण बघत होती, आणि मामा तिच्याकडे बघून हसत होता.

माझा मेला व्यवहारी स्वभाव! मी म्हटलं, "मग बादलीत ओत ना. झाड कशाला मारतोस?"

"ओतून बघितलं. बादलीला वळत नाही." त्याने नजर तिच्यावरून काढली नाही. "हे गेलं तर अकरा आहेत अजून."

झारी रिकामी झाली. आवाज थांबला आणि मामीची नजर त्याच्या तोंडावरून सुटायला लागली. मी मामाच्या हातातून झारी ओढून घेतली आणि भरून आणायला नळाकडे धावले.