तात्यांची मोसंबी

बंगळूरच्या ट्रान्झिस्टर कंपनीतली अधिकाऱ्याची नोकरी सोडून मी कळंबजवळ डायोडचा, म्हणजे विजेच्या यंत्रांतल्या बारीक भागांचा, कारखाना काढला, तेव्हा लोकांना नवल वाटलं. कारण साधं होतं. माझ्या चुलत्यांची, तात्यांची, तिथली विहीर बहात्तरच्या दुष्काळातही आटली नव्हती. आमच्या धंद्याला पाणी लई लागतं. वाळूपासून बनणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्या तेजाबातून काढल्या की शुद्ध पाण्यात धुवायच्या. डाग राहिला तर माल फेकायचा. किती पाणी लागेल, ते मी तात्यांना धड सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, भांडी विसळण्याइतकं.

मग दोन पावसाळे कोरडे गेले. त्याच उन्हाळ्यात एका सहकारी साखर कारखान्याची, त्यांच्या वीजयंत्रणेसाठी, डायोडची मोठी ऑर्डर आली. विहिरीचा तळ दिसू लागला. पाणी एक तर माझ्या कारखान्याच्या शेडला, नाही तर तात्यांच्या मोसंबीच्या बागेला. तात्यांनी आपणहून पाइप शेडकडं वळवला. पारावर लोक त्यांना डिवचायचे, "तात्या, पुतण्या तुमच्या पाण्यानं वाळू धुतोय म्हणं." तात्या म्हणायचे, धुऊ द्या, चार पोरींना काम तर मिळालंय.

एका दुपारी ते शेडच्या दारात आले. चपला काढून बाहेरच उभे राहिले.

"अर्धा घंटा बागंला सोडू का? पानं गळायलीत."

विहीर त्यांची, मोटर त्यांची, आणि विचारत होते मला.

"ऑर्डर जाऊ द्या तात्या, मग सोडा."

ऑर्डर आदल्या आठवड्यातच गेली होती. आत चाललं होतं ते मुंबईच्या नव्या गिऱ्हाइकाला दाखवायच्या नमुन्याचं काम. ते गिऱ्हाईक महिनाभर थांबलं असतं. तात्या "बरं" म्हणून गेले. पुन्हा त्यांनी विचारलं नाही, मीही पाइप बागेकडं वळवला नाही.

बाग वाळली. पावसाआधी तात्यांनी झाडं तोडून घेतली. मुंबईचं गिऱ्हाईक मिळालं, कंपनी पुण्याला गेली, वाढली. दुष्काळी भागातल्या त्या सुरुवातीवर मी भाषणं करतो, लोक टाळ्या वाजवतात.

तात्या शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायचे, "कारखान्याची ऑर्डर अडली आसती. म्हनून म्याच म्हनलं, बाग जाऊ दे." सांगून झालं की माझ्याकडं वळायचे. "व्हय का न्हाय रं?"

"व्हय, तात्या," मी म्हणायचो.