छातीवरचे तास

तुमसरला ट्रेनिंग झालं तेव्हा मी मागच्या बाकावर अर्धवट झोपेत होते. आदल्या दिवशीची ड्युटी संपवून थेट आले होते. पडद्यावर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते: कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवा, तास मोजा, वजन भरतं, बाळ जगतं. हे संशोधन जगभर तपासलेलं आहे म्हणाले. मला ते पटलं होतं, हे आवर्जून सांगते.

पण आमच्या छोट्या सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात सिस्टर मी एकटी. बाळंतपणाची खोली, लसी, रजिस्टरं, सगळं माझ्याच गळ्यात. ट्रेनिंगनंतर प्रत्येक खाटेला लावायला एक तक्ता आला. बाळ छातीवर असेल त्या तासाच्या चौकोनात खूण करायची. दर तासाला कोण फिरणार? ड्युटी संपताना मी पेन उघडायची आणि माझ्या पाळीच्या आठ तासांचे आठही चौकोन एका दमात भरून टाकायची. महिन्याच्या मीटिंगमध्ये आमच्या तक्त्यांचं कौतुक व्हायचं. मी मान खाली घालून चहा प्यायची.

धानाच्या कापणीच्या दिवसांत आंबागडची एक पहिलटकरीण बाळंत झाली. बाळ दोन किलोच्या आतलं, पण रडणारं, दूध ओढणारं. नवरा चिखल्याच्या खाणीत, त्याला सुटी मिळेना. सासू वारलेली, माहेरची माणसं कापणीत अडकलेली. सासरे रोज सकाळच्या बसने डबा घेऊन येत आणि संध्याकाळच्या बसपर्यंत खाटेसमोर स्टुलावर बसून नातवाकडे बघत राहत. कोणी शिंकलं तरी दचकत. असा सासरा किती सुनांना मिळतो, म्हणून मी तिला चिडवायचीही.

पहिले काही दिवस वजन उतरतंच. पण आठवडा झाला तरी काटा वर येईना. डॉक्टर राउंडला आले. नवीन होते, भला माणूस. त्यांनी तक्ता नीट वाचला आणि म्हणाले, रोज आठ तास छातीवर ठेवूनही फरक नाही, म्हणजे दुखणं दुसरंच काहीतरी आहे, उद्या नागपूरला पाठवू. ते पुढच्या खाटेकडे गेल्यावर तिने माझा हात धरला.

"सिस्टर, मी कुठं ठेवलं जी आठ घंटे? मामाजी समोर बसून रायतेत. त्यायच्यासमोर पदर कसा काढू?"

सासऱ्यांसमोर ती डोक्यावरचा पदरही ढळू देत नव्हती. बाळ दुपट्यात गुंडाळून बाजूला. हे मी दिवसातून दहादा बघत होते. ट्रेनिंगच्या पडद्यावर सासरा नव्हता, मान्य. पण मी तर इथलीच, माझ्याही घरी हीच रीत. मला माझाच राग आला, आणि धड रागवायचंही त्राण नव्हतं, इतकी मी थकले होते.

डॉक्टरांना गाठून सांगितलं, त्या खुणा खोट्या आहेत, मी केल्या आहेत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. तीन दिवस थांबून बघू म्हणाले. आधीच्या बाळांचे तक्तेही असेच का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं.

मग सासऱ्यांकडे गेले. कसं सांगावं कळेना, मी अडखळत राहिले. त्यांना अर्ध्यातच समजलं. स्टूल उचलून ते उठले.

"आधी सांगाचं होतं ना बाई. मी तं त्याच्यासाठीच बसलो होतो."

त्या दिवसापासून ते व्हरांड्यात बसू लागले, दाराकडे पाठ करून. सुनेने बाळ छातीशी बांधून घेतलं. तिसऱ्या दिवशी काटा थोडा वर सरकला आणि नागपूर टळलं. ती रडली, डॉक्टर हसले. जेवढे तास खरंच झाले तेवढ्याच खुणा मी तक्त्यात केल्या.

घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. असेच खोटे भरलेले तक्ते दाखवून मी याआधी कितीतरी आयांना सांगितलं होतं, एवढे तास ठेवूनही वाढत नाही, म्हणजे बाई, तुझंच दूध कमी पडतंय. आणि त्यांनी मुकाट मान हलवली होती.