दोन वाजताचा दिवा

पंचफुलाबाईंना दोन गोष्टींचा भारी राग. एक फुकटचा सल्ला, दुसरी रात्री दोनची लाइट. गेल्या उन्हाळ्यात दोन्ही एकदमच वाट्याला आल्या.

तिगावजवळ त्यांची संत्र्याची साठ झाडं. नवरा गेल्यापासून बाग त्या एकट्याच सांभाळतात. विहिरीवरच्या पंपाला वीज मिळते ती रात्री दोन ते सहा. वेळापत्रक आखणारा मात्र कधी दोनला उठल्याचं ऐकिवात नाही. बाईंनी खाटेवर पंपाच्याच लाइनीचा दिवा टांगलाय. तो तोंडावर पेटला की उठायचं, काठी-टॉर्च घेऊन विहीर गाठायची आणि उजाडेपर्यंत झाडांच्या आळ्यांत पाणी फिरवायचं.

गावात तपासणीचं शिबिर भरलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रात्री मधेच जाग येते का? बाई म्हणाल्या, रोज दोनला. एवढं ऐकायचा अवकाश, डॉक्टरीणबाईंनी व्याख्यानच झोडलं. चहा कमी करा, मोबाइल लांब ठेवा, मनाला लावून घेऊ नका. दिव्याचं सांगायला बाईंनी तोंड उघडलं, तोवर पुढचा नंबर पुकारला गेला. हातात झोपेच्या गोळ्या तेवढ्या आल्या.

एवढी शिकलेली बाई देते तर घ्यावी, म्हणून त्यांनी तीन रात्री गोळी घेतली. तिन्ही रात्री दिवा तोंडावर जळून विझला. चौथ्या दिवशी बागेत पाहतात तो झाडांखाली बोराएवढ्या संत्र्यांचा सडा. मग त्यांचं डोकं जे फिरलं, ते पांढुर्ण्याच्या वीज कार्यालयात जाऊनच थांबलं.

साहेबांनी खुर्चीवरूनच समजावलं, वेळापत्रक वरून येतं, आमच्या हातात काही नाही. वरून म्हणजे कुठून, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या डोक्यावर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: तक्रारीसाठी केव्हाही फोन करा. बाईंनी त्याखालचा साहेबांचा नंबर उतरवून घेतला.

त्या रात्री दिवा पेटताच त्यांनी आधी फोन लावला. साहेब, लाइट आली, एवढंच सांगून विहिरीवर गेल्या. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्याही. साहेबांना फोन बंद ठेवायची सोय नव्हती, नोकरीच तशी. आठव्या रात्री ते रडकुंडीला आले.

"बाई, तुम्ही रात्री झोपत का नाही?"

"झोपतो ना साहेब," पंचफुलाबाई म्हणाल्या. "उठवते कोन, थे तुमी सांगा."