सावंतमामांची कागदाची पट्टी

अंधेरी ते बोरिवली, ड्रायरचा पाईप माझ्यासारखा चकाचक कोणी करत नाही. म्हणजे, दिसतो तेवढा.

काम शिकवलं सावंतमामांनी. मामा मालवणचे. मिल बंद पडली तसे या लाईनीत आले. किचनच्या चिमण्या, कपडे सुकवायचे ड्रायर, त्यांचे पाईप साफ करायचे. त्यांची एक सवय होती. काम झालं की ड्रायर चालू करायचे, खिडकीच्या ग्रिलमधून हात बाहेर काढायचे आणि पाईपच्या तोंडाशी पेपरची पट्टी धरायचे. पट्टी फडफडली की मगच पाणी प्यायचे.

"कागद खोटा बोलणा नाय," म्हणायचे. "माणूस बोलता."

म्हणताना बघायचे माझ्याकडे. मला वाटायचं, गंमत करतायत.

मिलमध्ये कापूस पेटताना त्यांनी बघितलेला. पाईपमधून कपड्यांचा भुरभुरीत कापूस निघाला की मूठभर माझ्या नाकाशी धरायचे. "कापूस नाय रे, काडेपेटी आसा ही."

मालाडला काळेकाकूंकडे गेलो. काका अंथरुणाला खिळलेले, रोज चादरी बदलायच्या, म्हणून ड्रायर दिवसातून दोनदा चालायचा. बिल्डिंगला लिफ्ट नाही. मामांचा गुडघा धरलेला, ते खाली वॉचमनच्या खुर्चीत बसले. वर मी एकटा. पाईप कपाटामागून खिडकीकडे गेलेला. कपाट जड, आणि मी फक्त जेवायला पैलवान. पुढचा हातभर पाईप पुसला आणि खाली आलो.

"कागद हललो काय रे?"

"झकास हलला, मामा!"

हलला होता ना. हॉलमधल्या पंख्याखाली.

आठ दिवसांनी काकूंचा फोन. कपाटामागून धूर आला होता, काका त्याच खोलीत. शेजाऱ्यांनी गादीसकट उचलून बाहेर काढलं म्हणून वाचले. आम्ही धावलो. मामांनी कपाट सरकवलं, जळका पाईप काढला, आतला काळा गोळा बघितला. मग एकदाच माझ्याकडे बघितलं आणि काकूंपुढे हात जोडले.

"वहिनी, चूक माझी. मी वर येऊन बघायला हवं होतं."

मी? मयतीतसुद्धा जोक मारणारा माणूस, भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो. मला धड वाचताही येत नाही.

मामांनी मला कधी काही विचारलं नाही. फक्त त्यानंतर प्रत्येक घरी, चार मजले असले तरी, गुडघा दाबत स्वतः वर चढायचे. कागद स्वतः धरायचे. मी मागून पिशवी घेऊन चढायचो, आणि त्यांचा दम लागलेला ऐकायचो.

यंदा मामा गेले. तेरावं झाल्यावर मी मालाडला गेलो आणि काकूंना सगळं सांगून टाकलं. पंख्याचंही. शेवटी सवयीने जोक मारायला गेलो, तो अर्धाच राहिला. डोळे भरून आले.

काकूंनी चहासुद्धा विचारला नाही.

"हे त्यांना सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या. "मला सांगून काय उपयोग? आणि रडायचं असेल तर खाली जाऊन रड. यांचा आत्ता कुठे डोळा लागलाय."