पंपाची खोली कोरड्या बाजूला

९ फेब्रुवारीला चार कोटी अठरा लाख साठ हजारांची मंजुरी आली आणि त्या दिवसापासून फूटपट्टीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कार्यालयात त्याला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. तीस वर्षं त्याने रस्ते आणि गटारं आखली. आता गाड्यांचे ब्रेक तपासायची धावपट्टी आखायची होती. काम नवं, वय छप्पन्न. जेवता जेवता तो उठे, नकाशा उलगडून पाही, परत येऊन ताटातच बोटाने रेघा ओढी.

"अहो, भाताला उतार नका देऊ, आधी गिळा," बायको म्हणे.

सगळी मेख मधल्या दोनशे मीटरमध्ये होती. डावीकडे गुळगुळीत काळ्या फरश्या आणि त्यांवरून वाहणारं पातळ पाणी, उजवीकडे लगेच खरखरीत डांबर. गाडीची डावी चाकं फरशीवर, उजवी डांबरावर, आणि तशात ब्रेक करकचून दाबायचा. ब्रेक चांगला असेल तर गाडी सरळ थांबते, नाहीतर गरकन फिरते. पाणी सोडणाऱ्या पंपाची खोली फूटपट्टीने डांबराच्या अंगाला, कडेपासून दहा मीटरवर बांधली. ओल्या बाजूला मोटार भिजली असती. गटारं आखलेल्या माणसाचा हिशोब! सगळ्यांनी मान डोलावली.

पहिली चाचणी सोमवारी अकरा वाजता, पाहुण्यांसमोर ठरली. गाडी चालवणार होता फूटपट्टीचा मेहुणा. वीस वर्षं तो हेच काम करत होता.

रविवारी दुपारी तो बहिणीकडे आला आणि तिने दोघांना कपाट सरकवायला लावलं.

"जोर लावा, भाऊजी! की पेन्सिल उचलण्यापुरताच जोर आहे?" मेहुणा म्हणाला.

कपाटाचे उजवे पाय जाजमावर होते, डावे घोटीव फरशीवर. दोघांनी रेटा दिला तसं ते उजवीकडे वळलं आणि त्याचा कोपरा भिंतीत घुसला.

"गेला रंग!" बायको ओरडली.

फूटपट्टीने कपाट मागे ओढलं. पुन्हा ढकललं. पुन्हा ते जाजमाकडेच वळलं. तिसऱ्यांदा ओढायला लागला तेव्हा मेहुण्याने त्याचा हात धरला.

"काय चाललंय, भाऊजी?"

"उद्याची पहिली फेरी कशी आहे?"

"चाकं अडकू न देणारं ब्रेकचं नियंत्रण बंद ठेवून, ऐंशीच्या वेगाने. गाडी किती फिरते ते आधी मोजतात."

"डांबराकडे फिरेल."

"फिरणारच. मी ब्रेक सोडून सावरतो."

"सोडलास की चाकं रस्ता धरतील. मग जाईल कुठे?"

"नाक असेल तिकडे..." मेहुण्याचं हसू मावळलं. "तिकडे तर तुमची खोली आहे."

फूटपट्टीने तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला आणि कपाटापासून सगळं सांगितलं.

"दुसऱ्या टोकाकडून सोडा गाडी," साहेब म्हणाले.

"कुठूनही सोडली तरी डांबर खोलीच्याच बाजूला राहतं, साहेब. खोली पाडावी लागेल."

"पाहुणे येणार आणि तुम्ही खोली पाडणार? गाडी चालवणाऱ्याला तुमच्या कपाटापेक्षा जास्त कळतं."

फोन कट झाला. फूटपट्टी घरभर येरझाऱ्या घालत राहिला. खोली त्याची, रेघ त्याची, आणि भिंतीवर आदळणार बायकोचा भाऊ. पंपाच्या किल्ल्या साहेबांकडे होत्या. म्हणून सोमवारी सकाळी सात वाजता त्याने पाण्याचा टँकर बोलावला, फरश्या ओल्या करून घेतल्या आणि साहेबांना कळवलं, "चाळीसच्या वेगाने दाखवतो. पाहा आणि मग ठरवा."

साहेब आले ते लालबुंद होऊन.

फूटपट्टी गाडीत मेहुण्याच्या शेजारी जाऊन बसला.

"उतरा खाली," मेहुणा म्हणाला. "ताईचं माहेर आणि सासर एकाच खेपेत नको जायला."

गाडी आली. ब्रेक लागला, उजवी चाकं किंचाळली, नाक गर्रकन डांबराकडे वळलं. मेहुण्याने ब्रेक सोडला मात्र, गाडी पट्टी सोडून खोलीकडे झेपावली. दुसऱ्यांदा ब्रेक मारून ती थांबली तेव्हा भिंतीपर्यंत चार पावलं उरली होती. ही चाळीसची गत.

साहेबांनी ती चार पावलं स्वतः चालून मोजली. मग पाहुण्यांना फोन करायला बाजूला गेले.

मेहुणा खाली उतरला. त्याने पुढे जाऊन भिंतीवर थाप मारली. "भाऊजी, कपाट कुठल्या दुकानातलं? त्यालाच नोकरीला लावू."

खोली पाडली. दोन महिन्यांनी ओल्या बाजूला, उंच चौथऱ्यावर, पत्र्याच्या आडोशाने दुसरी उभी राहिली. फूटपट्टीच्या सेवापुस्तकात चूक केल्याचा शेरा बसला. त्याने तो वाचून खाली सही केली. मेहुण्याने ऐंशीची फेरी घेतली, गाडी फिरली आणि मोकळ्या मैदानात जाऊन थांबली. त्या वेळीही फूटपट्टी कठड्याशी एका जागी उभा राहू शकला नाही.

टँकरचं बिल कार्यालयाने नामंजूर केलं; त्या सकाळच्या फेरीला परवानगी नव्हती. साडेसहाशेतले अर्धे फूटपट्टीने खिशातून दिले. उरलेले सव्वातीनशे टँकरवाल्याला अजून द्यायचे आहेत.