हेमो आत बसला त्याची गोष्ट

इंग्लंडातल्या ऑल्डरवेल गावात शिंग वाजलं की गावसभा भरायची. लोकरीचे व्यापारी आत बाकांवर, आणि कातडी कमावणारे दाराबाहेर उभे, कारण त्यांच्या अंगाला वास येतो. आता वास यायचा हे काही खोटं नव्हे. त्यांच्यातल्या हेमोचा वास तर हेमोच्या आधी घरी पोचायचा. पण बाहेरून बोललेलं आत कुणी ऐकत नसे, आणि आत घाटत होतं ते असं की ओढ्याकाठचे कातड्यांचे हौद माळावर हलवायचे. माळावर पाण्याचा थेंब नाही. हौद हलले की हेमोचा धंदा बुडालाच.

तेवढ्यात बंडखोर अर्लकडून, म्हणजे राजावर उलटलेल्या एका बड्या सरदाराकडून, हुकूम आला. या अर्लने लढाईत राजालाच पकडलं होतं, आणि आता राजाच्याच नावाने तो गावोगावची दोन-दोन माणसं लंडनच्या सभेला बोलावत होता. व्यापाऱ्यांची पाचावर धारण बसली. उद्या राजा सुटला तर मान कुणाची जाणार? मग एकाएकी सगळ्यांना हेमो फार शहाणा वाटायला लागला. जोडीला ठार बहिरा पाणचक्कीवाला देऊन त्याला लंडनला धाडलं.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, मांस बंद आणि मासा चालतो तेव्हा, हेमो परतला.

"काय बोललात तिथं?" खारवलेला मासा वाढत बायकोने, विमार्कने, विचारलं.

"एक अक्षर नाही. कुणी विचारलंच नाही."

"मग इतके दिवस केलंत काय?"

"बसलो. शेजारी एक सरदार होता, अंगाला घोड्याचा वास. त्याला कुणी उठवलं नाही आणि मलाही."

उन्हाळ्यात अर्ल लढाईत पडला, राजा सुटला. लगेच शिंग वाजलं. विषय हौदांचा. हेमो सरळ आत शिरला.

"बाहेर हो," व्यापाऱ्यांचा म्होरक्या ॲन्केटिल म्हणाला. "तुझा अर्ल मेला. थेरं संपली."

हेमो बाकाकडे चालतच राहिला. "अर्ल मेला, शेठ. पण मला पाठवलं तुम्ही. गावाच्या वतीने लंडनात बसायला मी चाललो, आणि गावात बसायला चालत नाही?"

पाणचक्कीवाल्याला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. ओळखीचा माणूस दिसला म्हणून तो आपला बाकावर जागा देत सरकला.

हेमो बसला, आणि बसल्यावर जो बोलत सुटला तो व्यापाऱ्यांची जेवणं खोळंबली तरी थांबेना. हौद ओढ्याकाठीच राहिले.

पुढच्या सभेला आणखी तिघे कातडीवाले आत येऊन बसले. वासापायी दारं-खिडक्या सताड उघडाव्या लागल्या, आणि व्यापारी आत काय बोलतात ते गावाला पहिल्यांदाच रस्त्यावरून ऐकू आलं.