०८० आलं तर उचलू नये

बंगळूरच्या कंपनीतल्या साहेबाशी मी फोनवर बोलत होतो, तेव्हा आई स्वयंपाकघरात मांदेली साफ करत होती. सकाळीच भाईंदर पश्चिमेच्या बाजारात चालत जाऊन, कोळणीशी हुज्जत घालून तिने ती आणली होती. हे आधी सांगतो, कारण पुढच्या पाच मिनिटांत मी तिला अंथरुणाला खिळवलं.

काम होतं यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढण्याचं. केबलवाल्याने नुकतंच घरात इंटरनेट दिलं होतं, तेव्हा ते घरून जमण्यासारखं होतं. पण त्या काळात 'घरून काम करतो' म्हटलं की लोकांना माणूस बेकार वाटायचा. साहेब बेळगावकडचा, मराठी बोलणारा.

"आठवडाभर इथे आणि तीन आठवडे घरून? असं उद्या सगळेच मागतील हो," तो म्हणाला. "अडचण काय आहे नेमकी?"

अडचण अशी की बायको भाईंदर पूर्वेच्या शाळेत त्याच वर्षी कायम झाली होती. आठ वर्षं तात्पुरती म्हणून राबल्यावर. तिने ते सोडावं असं मलाही वाटत नव्हतं. एवढंच सांगायचं होतं. पण बायकोच्या नोकरीसाठी मी अडून बसलोय, हे तोंडून निघेना. मी म्हणालो, "आई अंथरुणाला खिळून आहे. उठवत नाही तिला."

तो हळू आवाजात म्हणाला, "माझी आई चार वर्षं तशीच होती. दर दोन तासांनी कूस बदलत जा. पाठीला जखमा झाल्या की फार हाल होतात." आणि माझी अट त्याने मान्य केली.

फोन ठेवून वळलो तर आई दारात उभी, हात ओले.

"बायकोची नोकरी सांगायला लाज वाटली होय तुला? मला अंथरुणात घालताना नाही वाटली?"

"अगं, तेवढं बोलावं लागतं."

"बरं. मग मासे तळू ना? की तेवढ्यापुरतंही उठायचं नाही मी?"

मी हसलो. विषय संपला असं वाटलं. पण साहेब घरी फोन करू लागला, आणि कामाआधी आईची चौकशी. आईने फोन उचलणं सोडलं. घंटा वाजली की जवळ उभी राहून नुसती बघायची. रत्नागिरीच्या मावशीचे फोनही त्यात चुकू लागले. साहेबाला खरं सांगून टाकलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी त्याऐवजी नंबर दिसणारा फोन आणला, आणि बंगळूरचा कोड ०८० म्हणून वर भिंतीला मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला : '०८० आलं तर उचलू नये.'

शाळेतून आल्यावर बायकोने तो वाचला. "माझी नोकरी एवढी लपवण्यासारखी आहे का हो?" एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

पुढच्या महिन्यात बंगळूरला असताना एका दुपारी बूथवरून घरी फोन केला. घंटा वाजत राहिली. तीनदा लावला. संध्याकाळी बायकोने उचलला तेव्हा आईला द्यायला सांगितलं.

"दुपारी कुठे गेली होतीस?"

"घरीच होते. तूच असशील असं वाटलं. पण ०८० होतं ना."

तिच्या आवाजात टोमणाही नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मला वाटायचं, नोकरीत जरा स्थिरावलो की साहेबाला सांगेन. तीन वर्षं गेली. मग एका सकाळी आई बाजारातून आली, पिशवी ओट्यावर ठेवली, प्यायला पाणी मागितलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेली. एक दिवसही ती अंथरुणाला खिळली नाही.

रजेसाठी साहेबाला फोन करावा लागला. कारण ऐकून तो म्हणाला, "सुटल्या म्हणायचं. किती वर्षं पडून होत्या. तुम्ही फार केलंत हो त्यांचं."

बायको शेजारीच उभी होती. तिला सगळं ऐकू जात होतं. मी म्हणालो, "हो."